साईट फिरवली तरी बाण पुन्हा डावीकडेच: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि धनुष्य कधी टेक्निशियनच्या हातात द्यायचं

लक्षणं आधी.

साईट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) जुळवली, ग्रुप (एका फेरीतल्या बाणांचा पुंजका) टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसला. आठवडाभरात तोच ग्रुप डावीकडच्या निळ्यात. साईटची पिन फिरवली की एक-दोन सराव बरे जातात, मग पुन्हा सरकतो. काहींचा उजवीकडे सरकतो. सोबत आणखी एखादी खूण बहुतेक वेळा असतेच. बाण शेपूट हलवत जातो. सुटतानाचा आवाज पूर्वीपेक्षा कर्कश झालेला असतो. स्ट्रिंग, म्हणजे धनुष्याची दोरी, हाताला सटकन लागते. १८ मीटरवर सगळं ठीक असतं आणि ५० मीटरवर उभं राहिलं की बाण एका बाजूला पळतात. किंवा सहातला एकच बाण दर फेरीला बाहेर जातो.

कोल्हापुरात रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारणारी पोरं आणि त्यांचे पालक माझ्याकडे सगळ्यात जास्त हीच तक्रार घेऊन येतात. "सर, साईट संपली आता, पिन आणखी डावीकडं जाईना," इथपर्यंत गोष्ट आलेली असते. साईट फक्त डोळ्याला कुठे बघायचं ते सांगते. बाण धनुष्यातून कसा सुटतो त्यावर तिचा काहीच परिणाम नाही. त्यामुळे बाण वारंवार सरकत असेल तर सामानाच्या बाजूने दोनच शक्यता आहेत: धनुष्यातलं काहीतरी हळूहळू हलतंय, किंवा बाण त्या धनुष्याला आणि त्या पोराला मुळातच जुळत नाही. पिन फिरवून हे दोन्ही दोष फक्त झाकले जातात, दूर होत नाहीत.

खालचं सगळं उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.

तपासणीच्या आधी: हे दिसलं तर एकही बाण मारू नका

लिंबला (धनुष्याच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या पात्याला) तडा, कडेला पापुद्रा सुटलेला, स्ट्रिंगचा एखादा धागा तुटलेला, किंवा कुणीतरी बाण न लावता ओढून सोडलेलं धनुष्य. शेवटचं सगळ्यात जास्त होतं, कारण बघायला आलेला मित्र किंवा पाहुणा "बघू जरा" म्हणतो आणि रिकामी स्ट्रिंग सोडतो. बाणात जायची सगळी ताकद अशा वेळी लिंबमध्ये आणि स्ट्रिंगमध्येच जिरते. बाहेरून काही दिसेलच असं नाही. कापसाचा बोळा लिंबच्या दोन्ही कडांवरून हळू फिरवा. तंतू कुठे अडकले तर तिथे चीर आहे. रिकर्व्ह असेल तर लिंब काढून बाजूला ठेवा. कंपाऊंड (टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) असेल तर तसंच बॅगेत भरा आणि टेक्निशियनकडे न्या.

बाण मोजा, नंबर घाला

हे फुकटात होतं, म्हणून आधी हे. प्रत्येक बाणावर मार्करने नंबर घाला आणि एका कागदावर टार्गेट काढून प्रत्येक फेरीत कुठला नंबर कुठे लागला ते टिपत जा. स्पर्धेत बाणावर आपलं नाव किंवा आद्याक्षरं लागतातच, त्याच्या शेजारी नंबर आला की झालं. चार-पाच फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. चार नंबरचाच बाण कायम बाहेर जात असेल तर धनुष्याला हात लावायचं कारण नाही.

त्या बाणाचा नॉक, म्हणजे स्ट्रिंगवर बसणारी शेपटाकडची खाच, आधी बदला. पाठीमागून दुसऱ्या बाणाचा मार बसला की नॉकला केसाएवढी चीर जाते, ती उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. मग पिसं बघा, कड उचललेली आहे का. पॉइंट (पुढचं टोक) हलतोय का ते बोटाने पिळून बघा. ॲल्युमिनियमचा बाण असेल तर काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर डगडगत जातो. कार्बनचा बाण वाकलेला राहत नाही, तो तडकतो. तो दोन्ही टोकांना धरून थोडा वाकवायचा, चारही बाजूंनी, आणि कान लावून ऐकायचं. करकर ऐकू आली तर तो बाण मोडून फेकून द्या. बॅगेत परत ठेवू नका, कारण धाकटा भाऊ तोच उचलतो. तडकलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

स्क्रू

अॅलन कीचा सेट घ्या आणि साईट, स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा), बटन (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खुंटी), रेस्ट (बाण टेकतो तो आधार), सगळं तपासा. प्रत्येक बाणागणिक धनुष्याला हादरा बसतो आणि स्क्रू सैल होत जातात. बटनची लॉक-रिंग सैल असेल तर बटन आत-बाहेर सरकतं आणि बाण नेमका डाव्या-उजव्या बाजूलाच भटकतो. पुष्कळ जणांचं दुखणं इथेच संपतं. बटन घट्ट केल्यावर साईट आधीच्या जागी न्या, मधल्या काळात फिरवलेली विसरा.

ब्रेस हाइट

या तपासणीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण पुन्हा पुन्हा येणारा दोष बहुतेक वेळा इथून येतो आणि मोजायला अर्धा मिनिट लागतं.

ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, सगळ्यात खोल भागापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. टी-स्क्वेअरने (स्ट्रिंगला अडकवायच्या काटकोनी पट्टीने) मोजा. ६८ इंची रिकर्व्हला हे अंतर साधारण साडेआठ ते सव्वानऊ इंच असतं, ६६ इंचीला थोडं कमी, ७० इंचीला थोडं जास्त. नेमका आकडा प्रत्येक धनुष्याचा वेगळा, पण एकदा ठरला की तो रोज तोच असायला हवा. बाण स्ट्रिंगपासून कुठल्या क्षणी सुटतो ते या अंतरावर ठरतं. बाण सुटताना डावीकडे-उजवीकडे वाकत वाकतच पुढे जातो, त्यामुळे तो क्षण बदलला की दिशाही बदलते. अंतर कमी झालं की स्ट्रिंग हाताला लागायला लागते, आवाज बदलतो, पिसं रेस्टला घासतात.

नवी स्ट्रिंग पहिले काही दिवस ताणत जाते, म्हणजे ब्रेस हाइट आपोआप उतरते. स्ट्रिंग काढून लावताना एखादा पीळ सुटला तरी तेच. पीळ वाढवला की स्ट्रिंग आखूड होते आणि अंतर वाढतं, पीळ सोडला की कमी होतं. पीळ देताना स्ट्रिंग आधीच ज्या दिशेला पिळलेली आहे त्याच दिशेला द्यायचा. स्ट्रिंगर (स्ट्रिंग चढवायची खास दोरी) वापरूनच चढवा-उतरवा. मांडीत धनुष्य अडकवून चढवायची सवय अजून दिसते, तिने लिंब पिळवटतात.

आपल्याकडचा मे आणि आपल्याकडचा जुलै या दोन्हींत स्ट्रिंग सारखी राहत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर पडलेलं धनुष्य संध्याकाळी न मोजता वापरू नका. पावसाळ्यात ओली बॅग घरी नेऊन तशीच कोपऱ्यात ठेवली की स्ट्रिंगचं मेण जातं, बोटावरच्या टॅबचं चामडं कडक होतं आणि रिलीज, म्हणजे बोटांतून स्ट्रिंग सुटणं, बदलतो. टॅब बदलल्यावर ग्रुप सरकला तर घाबरू नका, काही दिवस मारा आणि मग ठरवा. मेण मात्र नियमित लावा. त्याच्याइतकी स्वस्त देखभाल दुसरी नाही.

नॉकिंग पॉइंट आणि नॉकची पकड

बाण स्ट्रिंगवर जिथे बसतो तिथली गाठ सरकलेली असते. पितळी क्लिप घसरते, दोऱ्याची गाठ सैल होते. टी-स्क्वेअरने उंची मोजा आणि वहीत लिहा. साधारणपणे बाणाचा नॉक काटकोनाच्या रेषेपेक्षा काही मिलिमीटर वर असतो.

पकड अशी तपासा: स्ट्रिंग आडवी धरून बाण नॉकने खाली लोंबकळत ठेवा आणि स्ट्रिंगला बोटाने टिचकी मारा. टिचकीसरशी बाण पडला तर बरोबर. पडलाच नाही तर नॉक घट्ट. टिचकी न मारता पडला तर फार सैल, आणि ते जास्त वाईट, कारण ओढताना बाण स्ट्रिंगवरून सुटला तर रिकामं धनुष्य सोडल्यासारखंच होतं. नॉकचा नंबर आणि सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर गुंडाळलेल्या) दोऱ्याची जाडी, यातलं एक बदलावं लागतं. सर्व्हिंग गुंडाळायला जमत नसेल तर हे काम दुकानात द्या. फार वेळ लागत नाही, आणि त्या माणसाच्या हाताला सारखा ताण द्यायची सवय असते.

लिंब सरळ आहेत का

धनुष्य स्टँडवर ठेवा, मागे उभं राहा, एक डोळा मिटा. स्ट्रिंग वरच्या लिंबच्या मधून, रायझरच्या (ग्रिप असलेल्या मधल्या भागाच्या) मधून आणि खालच्या लिंबच्या मधून एकाच रेषेत जाते का बघा. जात नसेल तर लिंब पुन्हा काढून नीट बसवून बघा, कधी कधी खाचेत कचरा असतो. तरीही वाकडं दिसलं तर पुढे स्वतः काही करू नका. रायझरमधली अलाइनमेंट आणि पिळलेला लिंब यांतला फरक ओळखायला सवय लागते. पिळलेल्या लिंबवर अलाइनमेंट फिरवत बसलात तर चांगला रायझरही बिघडवाल.

लिंब-बोल्ट (लिंब रायझरला धरणारे बोल्ट) हा असाच प्रकार. वरचा आणि खालचा सारखाच फिरवायचा आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे सैल करायचा नाही. पौंडेज (ओढायला लागणारी ताकद) कमी करायच्या नादात बोल्ट फार सैल झाले तर ते धनुष्य धोक्याचं आहे.

बेअर शाफ्ट

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर बाण आणि धनुष्य जुळतात का ते बघायचं. पण जिचा किंवा ज्याचा ग्रुप अजून बसत नाही, त्याने ही चाचणी करू नये. ग्रुपच पसरलेला असेल तर निकाल दर फेरीला वेगळा येईल. अशा वेळी सामान सोडा आणि कोचला ग्रिप, अँकर (ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) आणि रिलीज बघायला सांगा.

१८ मीटरवरून पिसं असलेले तीन-चार बाण आणि पिसं काढलेले दोन बाण मारा. पिसं बाणाची चूक हवेत दुरुस्त करतात, ती नसली की चूक जशीच्या तशी दिसते. बिनपिसांचे बाण डावीकडे गेले तर बाण धनुष्याला कडक आहे, उजवीकडे गेले तर मऊ आहे. खाली लागले तर नॉकिंग पॉइंट वर आहे, वर लागले तर खाली आहे. थोडा फरक बटनच्या स्प्रिंगने निघतो: कडक दिसत असेल तर स्प्रिंग मऊ करा, मऊ दिसत असेल तर घट्ट. एका वेळी एकच बदल करा, आणि तोही लिहून ठेवा.

१८ वर ठीक आणि लांब गेल्यावर पळतात, असं असेल तर एकाच ठिकाणी नेम धरून हळूहळू मागे सरकत मारा. साईट हलवू नका. बाणांची खालपर्यंतची रांग सरळ पण तिरकी आली तर बटन आत-बाहेर करायला हवं. रांग बाकदार आली तर बटनचं स्प्रिंग बघायला हवं.

बेअर शाफ्टचा फरक हातभर असेल तर मात्र बटन फिरवत बसू नका. तिथे बाणच चुकीचा आहे.

बाण चुकीचा आहे म्हणजे काय

बाणावरचा ५००, ६००, १००० हा आकडा म्हणजे त्याची स्पाईन. २८ इंचांवर दोन आधार ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की बाण किती वाकतो, त्याचं हे माप. ५०० चा बाण अर्धा इंच वाकतो, १००० चा एक इंच. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ. पालक हे बरोबर उलटं समजतात आणि "मोठा नंबर घेऊया, पुढं चालेल" म्हणून मागवतात.

माझ्याकडे येणाऱ्या चुकीच्या बाणांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, पॅकेजमध्ये धनुष्याबरोबर आलेले बाण. बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात हलक्या लिंबचं धनुष्य आणि बाण असा कडक की मोठ्या माणसाच्या धनुष्याला बसावा. तो डावीकडेच जाणार. पिन कितीही फिरवा. विकणाऱ्याने पोरगी पाहिलेली नसते, तिचा ड्रॉ (ती स्ट्रिंग किती ओढते ते अंतर) मोजलेला नसतो.

दुसरी तऱ्हा चांगल्या पोरांची. वर्षभरात उंची वाढते, ड्रॉ लांबतो, कोच पौंडेज वाढवतो. लिंबवर लिहिलेले पौंड २८ इंच ड्रॉचे असतात, त्याच्या पुढे-मागे प्रत्येक इंचाला बोटांवर साधारण दोन ते अडीच पौंडांचा फरक पडतो. बाण मात्र गेल्या वर्षीचेच. ते आता मऊ पडतात आणि उजवीकडे सरकायला लागतात. सामान मोजायचा लटकता डिजिटल काटा स्ट्रिंगला अडकवून नेहमीच्या अँकरपर्यंत ओढा, खरे पौंड कळतील. दर तीन-चार महिन्यांनी हे करा. वाढत्या वयात ही एक नोंद बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाची आहे.

इथे जाणकार दुकानदाराची किंमत कळते. तो पोराला समोर उभं करून ओढायला लावतो, दोन-तीन स्पाईनचे बाण मारून बघायला देतो, आणि बाण मुद्दाम थोडा लांब ठेवतो. पुढे पौंडेज वाढलं की तोच बाण अर्धा इंच कापून कडक करता येतो, किंवा पॉइंटचं वजन बदलून जुळवता येतो. ऑनलाइन स्वस्त पडलेला डझन आणि दुकानातला महाग वाटलेला डझन यांचा हिशोब करताना दुसरा डझन दोन सीझन चालतो हेही धरा. पहिला डझन बहुतेक वेळा माझ्यासमोर येतो तो "हे कुणाला विकता येतील का" या प्रश्नासकट.

उद्यमनगरात काय करून घ्यावं, काय नाही

आपल्या गावाची सवय आहे, काही अडलं की उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, जायचं आणि करून घ्यायचं. मला त्या माणसांचा अभिमान आहे. टार्गेट स्टँड, बो स्टँड, रॅक, साईटच्या ब्लॉकला लागणारा स्पेसर, हे तिथे उत्तम आणि स्वस्तात होतं. करून घ्याच.

पण कार्बन बाण हॅकसॉने किंवा पाइप कटरने कापायचा नाही. तंतू फाटतात आणि बाण टोकापासून चिरत जातो. त्याला वेगाने फिरणारी पातळ अपघर्षक चकती लागते, आणि धूळ ओढून घेणारी सोय लागते, कारण ती धूळ फुप्फुसात जाणं वाईट. आणि कंपाऊंडचा प्रेस (लिंब दाबून स्ट्रिंग सैल करणारं यंत्र) घरगुती जॅक लावून करून घ्यायचा नाही. कुणी करून देतो म्हणाला तरी नाही. लिंबचा ताण चुकीच्या जागी पडला तर लिंब फुटतो, आणि समोर तोंड असतं.

कंपाऊंड: इथे लवकर थांबा

कंपाऊंडला घरी करायच्या गोष्टी थोड्याच: स्क्रू, बाण, रेस्ट, डी-लूप (स्ट्रिंगवरचा ओढायचा फास), मेण. त्याशिवाय एकच बघा. सोबत्याला बाजूला उभं करा, बाण लावून टार्गेटकडे तोंड करून पूर्ण ओढा, आणि वरचा-खालचा कॅम (टोकाचं चाक) एकाच वेळी थांबतो का ते त्याला बघू द्या. एक आधी आणि एक नंतर थांबत असेल तर टायमिंग गेलंय. पीप (स्ट्रिंगमधली नेम धरायची भोकाची कडी) फिरायला लागली असेल, कॅमच्या जागी स्ट्रिंगचं सर्व्हिंग उघडलं असेल, किंवा पौंडेज न बदलता ड्रॉ लांब वाटत असेल, तर स्ट्रिंग आणि केबल ताणलेल्या आहेत. हे सगळं प्रेसचं काम आहे. प्रेसशिवाय स्ट्रिंग किंवा केबल काढायचा प्रयत्न कधीच करू नका.

शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि तेव्हा तिथेच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनला कंपाऊंडची वैयक्तिक जागतिक सुवर्णपदकं जिंकली, तेव्हापासून आपल्या भागातही कंपाऊंडकडे वळणारी पोरं वाढताना मी पाहतोय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार आहे, त्यामुळे ती आणखी वाढतील. प्रेस, स्ट्रिंग जिग (स्ट्रिंग बनवायची चौकट), बाण कापायचं मशीन आणि हे सगळं वापरायचा हात, असा माणूस मात्र आपल्या पट्ट्यात सहज सापडत नाही. तो फक्त दुरुस्तीच्या मजुरीवर टिकत नाही. त्याचं घर बाण, नॉक, पिसं, स्ट्रिंग आणि लिंबच्या विक्रीवर चालतं. धनुष्य बाहेरून मागवायचं आणि टायमिंग फुकट करून मागायचं, हे मी डोळ्यांनी बघतो आणि मला ते खुपतं. किमान नॉक, पिसं, मेण, स्ट्रिंग आणि पुढचे बाण त्याच्याकडून घ्या. बाहेरून आणलेलं धनुष्य नेलंत तर मजुरी आधी विचारा आणि पूर्ण द्या. दुकान बंद पडलं तर स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तुटलेली केबल घेऊन पुण्याला किंवा आणखी लांब जावं लागतं, आणि तोवर पोराचा सराव बंद.

त्याच्याकडे जाताना

धनुष्य एकटं नेऊ नका, मारणारा पोरगा किंवा पोरगी बरोबर हवी. सगळे बाण न्या, बाहेर जाणारेही. टॅब किंवा कंपाऊंडचं रिलीज (स्ट्रिंग सोडायचं साधन) न्या. नंबरांचा तो कागद, ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंटची उंची, काट्यावरचे पौंड आणि बेअर शाफ्टचा फोटो न्या. शेवटी साईट, बटन, पीळ यातलं काय काय फिरवलंय ते खरं सांगा, म्हणजे त्याला ते शोधत बसावं लागत नाही. काम झालं की निघण्याआधी नवे आकडे त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या आणि तिथेच सहा बाण मारून बघा.